टाकी धुण्याच्या दिवशीची घसरगुंडी
(१९९९ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनी आधीच ठरवला होता. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल.’ मी म्हटलं, त्या विषयावर आपल्या ग्रुपवर पहाटेपासून तज्ज्ञ मंडळी बोलत असतात, त्यात माझी भर कशाला? मी घसरगुंडीवर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग विचारलं गेलं, ‘म्हणजे बालपणीच्या आठवणी का?’ नाही. या वर्षी, २८ एप्रिलच्या रविवारी, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात आम्ही पाण्याची घसरगुंडी बांधली, त्याबद्दल. बावीस वर्षं मी जे लिहिते ते कॉम्प्युटरच्या पोटात चालतं, कोणाला दिसत नाही. हाताने बांधलेली आणि डोळ्यांना दिसणारी माझी ही पहिलीच वस्तू. तेव्हा इंजिनिअरिंगची पदवी कामी आली असं मी पहिल्यांदा आईला सांगू शकले.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. परीक्षा संपली, मुलगी घरी. वय वर्षे नऊ. आपल्या वेळी मे महिना म्हणजे गाव होतं. निम्मा वर्ग कोकणात, उरलेला देशावर, आणि जे कुठेच जात नसत ते दिवसभर खाली. आता आमचं गावचं घर बंद आहे आणि खाली गाड्या उभ्या आहेत. मुलीने वॉटर पार्कचा हट्ट धरला. तुम्हाला आठवत असेल, सातवीत आपली सहल गोराईच्या खाडीतून बोटीने एस्सेलवर्ल्डला गेली होती. एस्सेलवर्ल्ड सुरू झालं १९८९ मध्ये. त्याच्या शेजारी वॉटर किंगडम निघालं १९९८ मध्ये, म्हणजे नेमकं आपण दहावीत गेलो त्या वर्षी. ‘दहावीचं वर्ष आहे’ या तीन शब्दांवर आपल्या सगळ्यांचं ते राहिलं. मी मुलीला घेऊनही गेले होते एकदा. मजा आली. पण तिचा पुढचा प्रश्न असा होता की वॉचमनकाकांचा मुलगा का नाही आला. तो तिच्याच वयाचा, रोज संध्याकाळी तिच्याशी खेळणारा. तिकिटाचा हिशेब तिला समजावून सांगणं मला जमलं असतं, पण सांगावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, आपण खालीच करू काहीतरी.

आता खाली म्हणजे कुठे? आमची इमारत तळमजला अधिक तीन, पन्नास वर्षांची जुनी. पश्चिमेच्या बाजूला इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये पंचेचाळीस फूट लांबीची एक बोळकंडी आहे. तिथे सकाळी दहापर्यंत सावली असते. एका टोकाला मागच्या दाराचं जोतं, जमिनीपासून दोन फूट उंच. दुसऱ्या टोकाला भिंत. या दोन टोकांमध्ये जे बसेल ते.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला. ‘कोणी पडलं तर जबाबदार कोण’ हा प्रश्न येणार हे माहीत होतं, आला. त्याचं उत्तर मी तयार करून नेलं होतं, ते पुढे सांगते. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या आणि त्यांनी वेगळंच विचारलं. काकू मूळच्या लातूरच्या. त्या म्हणाल्या, ‘२०१६ च्या एप्रिलमध्ये मी माहेरी होते. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. लोक गाडीला हार घालत होते. आणि तुम्ही पाणी प्लास्टिकवर ओतून त्यावरून घसरणार?’

मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. तुमच्या लक्षात असेल, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते. मैदानांवर पाणी मारायचं की नाही यावरूनच ते प्रकरण होतं. आणि काकूंना लातूरपर्यंत जायचीही गरज नव्हती. आपण जे पाणी पितो ते सात तलावांतून येतं. त्यातले विहार आणि तुळशी आपल्या पाठीमागच्या डोंगरात, नॅशनल पार्कच्या बाजूला. पण मोठा वाटा शहापूरकडच्या धरणांचा, तानसा, भातसा वगैरेंचा. ते पाणी नळांतून आपल्या मुलुंडवरून मुंबईत शिरतं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मे महिन्यात नळ सोडून त्यावर मुलं घसरवायची, हे मलाही पटणारं नव्हतं. मी काकूंना म्हटलं, तुमचं बरोबर आहे. माझ्याकडे पाण्याचं उत्तर आज नाही. पुढच्या रविवारी परत बोलू.

उत्तर मिळालं नोटीसबोर्डवर. ‘रविवार, २८ एप्रिल. गच्चीवरील टाकीची सफाई. रहिवाशांनी पाणी भरून ठेवावे.’

टाकी धुण्याचा दिवस! मी त्या कागदासमोर उभी राहून हसले. आपल्यापैकी जे जे बिल्डिंगमध्ये वाढले त्यांना सांगायला नको. टाकी धुणार म्हणजे आधी ती रिकामी करणार. रिकामी करणार म्हणजे तळाशी उरलेलं पाणी गच्चीवर सोडणार. आणि जुन्या गच्च्यांना चायना मोझॅक असायचं, फुटक्या पांढऱ्या फरशांच्या तुकड्यांचं, पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून किंचित उतार दिलेलं. त्यावर पाणी पडलं की आपण चड्डीवर बसून या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. चड्डी फाटायची, घरी मार मिळायचा. आजचा कुठलाही सेफ्टी ऑफिसर ते बघून चक्कर येऊन पडेल, कारण शेवटी थांबवायला काही नसायचं, गच्चीचा कठडा सोडून. पण पाणी मात्र वाया जाणारंच होतं. ते आपण नुसतं वाटेत अडवायचो.

आमची टाकी दहा हजार लिटरची. आदल्या रात्री पंप बंद ठेवतात, लोक भरून घेतात, तरी सकाळी टाकीत दोन-अडीच हजार लिटर उरतंच. नेमकं किती लागेल याचा अंदाज कोणालाच येत नाही. हे पाणी पिण्याचंच असतं, स्वच्छ. गाळ असतो तो अगदी तळाला आणि तो निघतो तळाच्या वेगळ्या तोटीतून. आमच्या आवारात झाडांसाठी एक नळ आहे, तो गच्चीच्या टाकीवरच जोडलेला आहे. त्या नळातून पाणी घेतलं की गाळ वरच राहतो, आणि पंपही लागत नाही. टाकी जमिनीपासून चाळीस फुटांवर. म्हणजे पाण्याला आपोआप साधारण सव्वा किलोचा दाब. हे फार महत्त्वाचं होतं, कारण घसरगुंडीच्या आसपास विजेची एकही वायर नको ही माझी पहिली अट होती. ओली मुलं आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांची गाठ पडता कामा नये.

इतिहासाच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला कान्हेरीला नेलं होतं आणि बुद्धमूर्तीपेक्षा जास्त वेळ दगडात खोदलेल्या पन्हाळींपाशी उभं केलं होतं. डोंगराच्या पाठीवरून पावसाचं पाणी एका पन्हाळीतून दुसरीत, तिथून लेण्याच्या दाराशी खोदलेल्या टाक्यात. तिथल्या शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, हेही तुम्हीच सांगितलंत. दोन हजार वर्षांपूर्वी बोरिवलीच्या डोंगरात लोकांनी पंपाशिवाय घरोघर पाणी दिलं होतं. आम्ही तेव्हा वडापावची वाट बघत होतो, पण ऐकत होतो.

तर पाण्याचं उत्तर घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. टाकीत मुद्दाम जास्त पाणी ठेवणार का? नाही. आणि घसरून झाल्यावर ते पाणी जाणार कुठे? मी म्हटलं, झाडांना आणि जिने धुवायला. ‘मग साबण घालायचा नाही,’ काकू म्हणाल्या. ‘माझा आंबा आहे तिकडे.’ साबणाशिवाय घसरणार कसं हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. तो माझा प्रश्न होता.

आता सामान. आपल्याकडे अशा कामाला पहिली आठवते ती निळी ताडपत्री. मी ती आणून पाहिली. तिचं विणकाम अंगाला खरखरतं, आणि कड्यांना जोर लागला की ती चिरते. मग सिन्नरच्या मामेभावाला फोन केला. त्याने शेततळं केलं आहे. शेततळ्याला आतून जो जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात, पाचशे मायक्रॉनचा, त्याची एक लांब पट्टी त्याच्याकडे उरली होती. गुळगुळीत, कणखर, उन्हापावसात टिकणारा. पाणी साठवण्यासाठी केलेल्या कागदावरून पाणी घसरवणार म्हटल्यावर तो मनापासून हसला, पण पाठवला. सोबत न सांगता रेनपाइपचं एक वेटोळंही पाठवलं. कांद्याच्या शेतात टाकतात तो, बारीक छिद्रांचा चपटा पाइप. पाणी सोडलं की दोन्ही बाजूंना कारंजी उडतात.

आणि इथे मला एक गंमत सापडली. घरगुती पाण्याची घसरपट्टी हा प्रकार जगात पहिल्यांदा नाव आणि पेटंट घेऊन आला तो अमेरिकेत. रॉबर्ट कॅरिअर नावाचा एक गृहस्थ, कॅलिफोर्नियातल्या लेकवूडचा, गाद्या-खुर्च्यांना कृत्रिम चामडं शिवायचं काम करणारा. १९६० च्या उन्हाळ्यात त्याने पाहिलं की त्याचा मुलगा आणि मित्र घरासमोरच्या रंग दिलेल्या सिमेंटवर पाणी टाकून घसरतायत. म्हणजे आपली गच्चीच! सिमेंटवर अंग सोलवटेल म्हणून त्याने कामावरून त्या चामड्याची पन्नास फुटांची गुंडाळी आणली. आणि खरी अक्कल पुढे आहे. त्याने एका कडेला लांब नळी शिवली आणि शिवणीचे टाके मुद्दाम विरळ ठेवले. नळीत पाणी सोडलं की टाक्यांतून ते पाझरून पट्टी सगळीकडून ओली राहायची. १९६१ मध्ये एका मोठ्या खेळणी कंपनीने ती बाजारात आणली आणि ती तुफान खपली. तर ती विरळ टाक्यांची नळी म्हणजे आमच्या सिन्नरचा रेनपाइप. भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘आम्हाला पेटंट नको, कांद्याला भाव द्या.’

उतारासाठी प्लायवुड हवं होतं. मुंबईत कुठल्याही सोसायटीत, कुठल्याही दिवशी, एका तरी फ्लॅटमध्ये सुतारकाम चालू असतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या सुतारांनी आठ फुटी जाड प्लायला खालून रिपा ठोकून दिल्या आणि जोत्यापासून जमिनीपर्यंत उतार बसवला. खाली वाळूच्या गोण्या, म्हणजे हलणार नाही. पैसे घेतले नाहीत. ‘आम्हाला एकदा बसू द्या,’ एवढंच म्हणाले.

आता सरांचा भाग. सर, तुम्ही नववीत डस्टर बाकावरून ढकलून दाखवायचात आणि विचारायचात, ‘घर्षण मित्र की शत्रू?’ आम्ही वहीत दोन रकाने आखून पाच-पाच मुद्दे लिहायचो आणि विसरून जायचो. पंचवीस वर्षांनी मी तो डस्टर परत ढकलला. नायलॉनच्या जुन्या ट्रॅकपँटमध्ये पंचवीस किलो वाळू भरली, पायांना गाठी मारल्या, आणि ओल्या कागदावरून वरून सोडली. मुलांनी तिचं नाव ठेवलं वाळूकाका. वाळूकाका दोन फुटांच्या उंचीवरून निघाले आणि आडवं मोजलं तर वीस फुटांवर थांबले. पुन्हा सोडले, पुन्हा वीसच्या आसपास.

याचा अर्थ असा की ओल्या कागदावर एक फूट उंची तुम्हाला साधारण दहा फूट लांब नेते. उतार तीव्र असो की मंद, फारसा फरक पडत नाही. जितकी उंची, त्याच्या दहापट अंतर. एवढं एक वाक्य हातात आल्यावर पुढचे सगळे वाद त्यानेच मिटवले. मुलं म्हणाली, जोत्यावरून नको, जिन्याच्या पहिल्या वळणावरून सोडा, पाच फुटांवरून. पाच दाहे पन्नास, आणि भिंत पंचेचाळीसवर. संपला वाद. चौथीतल्या मुलांनाही तो गुणाकार येतो. मी नाही म्हणत नव्हते, पाढा नाही म्हणत होता.

मग मोठी मुलं म्हणाली, आम्ही पळत येऊन उडी मारतो. पळण्यातला वेगही उंचीत मोजता येतो, हे सरांनी शिकवलेलं. लहान मूल पळत आलं तर त्याने जणू दीड फूट उंची वाढवली. चांगला दणकट बाप्या पळत आला तर चार फुटांहून जास्त. मूळचे दोन धरले की सहा. सहा दाहे साठ. म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर काका, जे सकाळपासून ‘मी कॉलेजात खो-खो खेळायचो’ म्हणत लेंगा खोचून उभे होते, ते भिंतीच्या पलीकडे शेजारच्या सोसायटीत निघाले असते.

हसण्यावारी नेऊ नका. मीटिंगला मी जे उत्तर तयार करून नेलं होतं ते हेच होतं. अमेरिकेत त्या घसरपट्टीबद्दल १९९३ मध्ये तिथल्या सरकारी सुरक्षा आयोगाने जाहीर इशारा दिला. १९७३ ते १९९१ या काळात सात प्रौढ आणि एक तेरा वर्षांचा मुलगा तिच्यावर जायबंदी झाले होते. मानेला दुखापत, काहींना कायमचा लकवा. पट्टी तीच, पाणी तेच. लहान मुलं वर्षानुवर्षं खेळत होती. मोठ्यांचं काय झालं? मोठा माणूस पळत येऊन पोटावर झेप घेतो. त्याचं वजन जास्त, उंची जास्त. पट्टी कुठेतरी कोरडी असते किंवा संपते, तिथे डोकं आणि छाती अचानक थांबतात, आणि मागून येणारं सगळं वजन मानेवर येतं. म्हणून आमच्या घसरगुंडीवर मोठ्यांना बंदी नव्हती, झेपेला बंदी होती. बसायचं, पाय पुढे, हात छातीशी. एका वेळी एक, आणि पुढचा हौदातून बाहेर आल्याशिवाय मागच्याने बसायचं नाही. सुतार बसले, बँकवाले काका बसले. काका म्हणाले, ‘यात काय मजा?’ आणि तीनदा गेले.

आखणी अशी झाली: आठ फूट उतार, आठ फूट सपाट, आठ फुटांचा हौद. हौद म्हणजे वाळूच्या गोण्यांच्या चौकटीवर तोच कागद वर उचलून घेतलेला, सहा फूट रुंद, सहा इंच पाणी. ते भरायला पावणेसातशे लिटर लागतात. मूल हौदाशी पोहोचतं तेव्हा दोन फुटांच्या कमाईतलं बहुतेक सगळं खर्च झालेलं असतं. साधारण चालण्याच्या वेगाने ते पाण्यात शिरतं आणि थांबतं. पुढे भिंतीपर्यंत एकवीस फूट मोकळे ठेवले आणि तिथे जुन्या गाद्या टाकल्या. त्या गाद्यांपर्यंत दिवसभरात कोणीही पोहोचलं नाही. खालच्या पेव्हर ब्लॉकवर सतरंज्यांचे तीन थर. प्रत्येक कड हाताने चाचपून पाहिली, कारण एखादा ब्लॉक वर आलेला असतोच. बांधायला मला आठ दिवस लागले. त्यातले सहा थांबण्याच्या भागावर गेले, घसरण्याच्या भागाला दोन पुरले.

रविवारी सकाळी आठला मुलं जमली. पंधरा-सोळा होती. आमच्या इमारतीतली, वॉचमनकाकांचा मुलगा, इस्त्रीवाल्यांच्या दोन मुली, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची सातवीतली मुलगी. ताई राहतात वरच्या डोंगरावरच्या वस्तीत. मी नळ उघडणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, ‘थांबा. हे पाणी टाकीतलं? पिण्याचं?’ मी हो म्हटलं. ‘मग आधी माझे दोन कॅन भरून द्या. मग खेळा.’

वीस-वीस लिटरचे दोन कॅन त्यांच्या यजमानांच्या रिक्षात होते. रोजच असतात म्हणे. आमच्याकडे दोन वर्षं येतायत, मला माहीत नव्हतं. वस्तीत पाणी पहाटे येतं, अर्धा-पाऊण तास, आणि उन्हाळ्यात वरच्या घरांपर्यंत धार चढतच नाही. ज्या दिवशी चढत नाही त्या दिवशी यजमान रिक्षाच्या फेऱ्या सोडून पाण्यामागे फिरतात. हे ताईंनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कॅन पुढे केले, एवढंच.

सोळा मुलं कपडे बदलून रांगेत उभी होती. कॅन भरायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. एकही पोर ओरडलं नाही. ताईंची मुलगी मात्र मान खाली घालून उभी होती, आईने सगळ्यांसमोर मागितलं म्हणून. तेव्हा काकू उठल्या. त्या खुर्ची टाकून झाडाखाली बसल्या होत्या. घरात गेल्या आणि स्वतःचे दोन रिकामे कॅन घेऊन आल्या. ‘हेही भरा. रिक्षात मावतील.’ मग तळमजल्यावरून आणखी एक आला. असे पाच कॅन रिक्षातून वर गेले. मग नळ उघडला.

रेनपाइपमधून पाणी उडायला लागलं आणि मुलांनी जो आवाज केला तो मी लिहून दाखवू शकत नाही. पहिली कोणी जायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. इस्त्रीवाल्यांच्या धाकटीचं नाव निघालं आणि ती घाबरली. दोन फूट उंचीला घाबरली! ताईंची मुलगी तिच्या मागे बसली, दोघी एकत्र गेल्या. ‘एका वेळी एक’ हा नियम पहिल्याच फेरीला मोडला आणि मी काही बोलले नाही. साबण नव्हता, कोणाला आठवलाही नाही. मिनिटाला पंधरा लिटरने ते पाणी दोन तास पुरलं. हौद भरून वाहायला लागला की वाहणारं पाणी कडेच्या चरातून आंब्याकडे. त्या चरावर काकूंचा पहारा. पाणी चर सोडून गटाराकडे वळलं की त्या काठी आपटायच्या आणि कोणीतरी धावत जाऊन माती लावायचं.

दहा वाजता ऊन कागदावर आलं. त्याच सुमाराला टाकीही संपली आणि सफाईवाले वर गेले. हौदातलं पाणी मुलांनीच बादल्यांनी काढलं. चार मजल्यांचे जिने धुतले, कुंड्या भरल्या, उरलेलं नारळांना. ताईंच्या मुलीने मला विचारलं, पुन्हा टाकी कधी धुणार? मी म्हटलं, सहा महिन्यांनी. ‘मग थंडी असेल,’ ती म्हणाली. तिचा हिशेब बरोबर होता.

महिनाभराने, ३० मेपासून, पालिकेची पाच टक्के पाणीकपात सुरू झाली आणि ५ जूनपासून दहा टक्के. तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की टाकी सफाईच्या दिवशी उरलेलं पाणी गटारात सोडायचं नाही, ज्याला हवं त्याने कॅन आणावेत. ठराव काकूंनी मांडला. नोव्हेंबरच्या सफाईला सकाळी सातपासून रांग होती. घसरगुंडी नव्हती, अर्थात. पाणीही उरलं नाही.

आता माझं काम. आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. मार्चमध्ये जागा रिकामी करायची आहे. नव्या इमारतीत त्या बोळकंडीच्या जागी पार्किंगचा रॅम्प येईल. मी सामान आवरते आहे, आणि भाड्याच्या घरात माळा नाही. तेव्हा शेततळ्याचा चाळीस फुटी कागद, रेनपाइपचं वेटोळं, रिपा मारलेलं प्लायवुड आणि वाळूकाका (वाळू काढून घेतली आहे) हे सगळं द्यायचं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या सोसायटीत, चाळीत किंवा आवारात चोवीस फूट जागा आणि पुढे वीस फूट मोकळं असेल, त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटा. आपल्या शाळेच्या मागच्या आवारात तेवढी जागा आहे, मी सकाळी पावलं मोजून आले. मुख्याध्यापकांशी बोलायचं आहे. शाळेची टाकी कधी धुतात ते कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

आणि कागद नेणाऱ्याने परत गुंडाळताना पूर्ण वाळवून गुंडाळा. ओला ठेवला तर फार वास येतो.